ड जीवनसत्त्व आणि होस्टेलवरचे आपण

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण 'लोअर' मराठी. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. शुद्धलेखन रूममेटने तपासलंय. ती ह्या लेखातलं एक पात्रही आहे, आणि तिची परवानगी घेऊनच तिची गोष्ट लिहितेय. तेव्हा चुका सापडल्याच तर अर्ध्या तिच्या.

विषय आहे व्हिटॅमिन डी, म्हणजे ड जीवनसत्त्व. मेकॅनिकलच्या मुलीने हा विषय का घ्यावा? कारण सेकंड इयरला ह्या विषयात मला केटी लागली होती असं समजा!

झालं असं. थर्ड सेमच्या सुमारास माझे पाय दुखायला लागले. आधी वाटलं वर्कशॉपमध्ये उभं राहून दुखत असतील. मग आमचे तीन मजले चढताना कठडा धरावा लागू लागला. मांडी घालून जेवायला बसलं की उठताना जमिनीवर हात टेकायचा. मैत्रिणी 'आजीबाई' म्हणायच्या, मीही हसायचे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मेसचं खातेस, अशक्तपणा असेल." मग मी कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या आणि तीन महिने इमानदारीने खाल्ल्या. फरक शून्य.

दिवाळीत नाशिकला घरी गेले तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टर मॅडमनी माझ्या नडगीच्या हाडावर अंगठ्याने नुसतं दाबलं. मी जे ओरडले ते बाहेर बसलेल्या पेशंटनी पण ऐकलं असणार. रक्ताचे रिपोर्ट आले. कॅल्शियम नॉर्मल. मला वाटलं, चला सुटलो. मॅडम म्हणाल्या, "कॅल्शियम नॉर्मल आहे म्हणूनच तर खालचे आकडे बघ." अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं, पॅराथायरॉईड हार्मोन वाढलेलं, आणि व्हिटॅमिन डी ६. मिलिलिटरला ६ नॅनोग्रॅम. निदान २० तरी असावं असं मानतात आणि १२ च्या खाली म्हणजे सरळसरळ कमतरता.

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आणि हाडं मात्र दुखतायत, हे कसं? हे कळलं तेव्हा मला कंट्रोल सिस्टिमचा विषय पहिल्यांदा आवडला. आपल्या रक्तात कॅल्शियमचा एक सेट पॉइंट असतो, डेसिलिटरला साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. हृदयाचे ठोके, नसा, स्नायू सगळं ह्यावर चालतं, म्हणून शरीर हा आकडा हलू देत नाही. मानेत थायरॉईडच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात, पॅराथायरॉईड. ह्या म्हणजे सेन्सर. कॅल्शियम जरा खाली गेलं की त्या हार्मोन सोडतात आणि ते हार्मोन हाडांमधून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. म्हणजे हाडं ही आपली फिक्स डिपॉझिट. पगार आला नाही तर घरखर्चासाठी एफडी मोडायची. बाहेरून बघणाऱ्याला घर मस्त चाललेलं दिसतं. रिपोर्टवर 'नॉर्मल' येतं.

पगार का येत नाही, तर तिथे ड जीवनसत्त्व लागतं. आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायचं काम त्याच्याशिवाय नीट होत नाही. ते नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के अंगी लागतं, पुरेसं असेल तर ३० ते ४० टक्के. एका पेल्या दुधात साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम धरलं तर ड नसताना त्यातलं तीसच्या आसपास मिळणार, असताना ऐंशीच्या आसपास. माझ्या तीन महिन्यांच्या गोळ्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच काढा. वर आणखी एक घोळ असा की, तेच पॅराथायरॉईड हार्मोन मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकायला लावतं. हाडातला खनिज भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही मिळून बनतो. मग नवीन हाड तयार होताना प्रोटीनची चौकट बनते, पण खनिज बसत नाही. सिव्हिलवाल्यांसाठी सांगायचं तर सळया बांधून तयार आहेत, काँक्रीटची गाडीच आली नाही. लहान मुलांत ह्यालाच मुडदूस म्हणतात, ज्यात वजनाने पाय धनुष्यासारखे वाकतात. मोठ्यांत हाडं वाकत नाहीत, पण मऊ पडतात, दाबलं की दुखतात, चिरा जाऊ शकतात. त्याला ऑस्टिओमलेशिया किंवा अस्थिमृदुता म्हणतात. सोबत मांड्या आणि कंबरेचे स्नायू ढिले पडतात. जिना चढणं आणि खालून उठणं, ह्या दोनच गोष्टी आधी जड का जातात ते आता लक्षात आलं असेल.

आपल्या वयाला ह्याचं महत्त्व जास्त आहे, कारण हाडांची ही एफडी साधारण पंचविशी-तिशीपर्यंतच भरता येते. नंतर नुसतं काढणं.

आता मुख्य प्रश्न. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे, मग हे होतं कसं?

ह्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी माझ्याच गावात कोणीतरी शोधलं होतं, हे वाचून मी उडालेच. मुडदूस हा इंग्लंडातला जुना रोग. फ्रान्सिस ग्लिसन ह्या डॉक्टरने १६५० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कारखान्यांचा धूर आणि अरुंद गल्ल्या वाढल्या तसा तो वाढला. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम ह्या मिशनरी डॉक्टरने निरीक्षण मांडलं की भरपूर ऊन असलेल्या देशांत हा रोग फारसा नाही, सबब ऊन हाच उपाय. कोणी विशेष मनावर घेतलं नाही. मग १९१९ मध्ये बर्लिनला कुर्ट हुल्डशिन्स्कीने आजारी मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरं केलं. गंमत म्हणजे एका हातावर किरण पाडले तरी दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं, म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून फिरत होतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी कुत्र्यांवर प्रयोग करून सांगत होता की कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने मुडदूस बरा होतो. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅककोलमने दाखवलं की त्या तेलातलं हे द्रव्य 'अ' जीवनसत्त्वाहून वेगळं आहे. अ, ब, क ही नावं आधीच गेली होती, म्हणून ह्याचं नाव ड. एवढंच त्या नावामागचं रहस्य.

ह्याच सुमारास, १९२१-२२ मध्ये, हचिसन नावाचे डॉक्टर भारतीय सहकाऱ्यांबरोबर नाशिकमध्ये मुडदुसाचा आणि हाडं मऊ पडण्याचा अभ्यास करत होते. सगळ्यांना वाटेल की हा रोग गरिबांत सापडला असणार, ज्यांना दूध-तूप मिळत नाही. सापडला उलटा. उन्हात राबणारी, जेमतेम खाणारी माणसं बहुतांशी ठणठणीत, आणि पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या बायका-मुली आजारी. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती. उन्हाची होती.

हे मी आजीला सांगितलं तर तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, "आमच्या वाड्यातल्या माजघरात दिवसासुद्धा दिवा लागायचा."

आता आपला पडदा बघू. मी पुण्यात स्कूटी चालवते. डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, हातात कोपरापर्यंतचे मोजे. धूळ आणि ट्रॅफिक बघता ते बरोबरच आहे, मी ते सोडायला सांगत नाही. पण मोजलं तर उन्हाला लागणारी माझी कातडी म्हणजे नाकाचं टोक. मुलांनी हसू नये. नऊ ते पाच लेक्चर-प्रॅक्टिकल, मधल्या सुट्टीत कॅन्टीन, संध्याकाळी क्रिकेट सहा वाजता. त्या सहाच्या उन्हाचा ह्या कामाला जवळपास काही उपयोग नाही. का, ते थोडं नीट सांगते, कारण इथे आपला विषय येतो.

कातडीत कोलेस्टेरॉलचा एक चुलतभाऊ असतो, ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल. त्याच्यावर २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पडले की त्याचा रेणू एका जागी उघडतो आणि मग शरीराच्या उबेने त्याचं ड-३ बनतं. ते यकृतात जातं, तिथे त्याचं २५-हायड्रॉक्सी बनतं (रक्ताच्या टेस्टमध्ये हेच मोजतात), आणि मूत्रपिंडात शेवटचा हात फिरून त्याचं खरं काम करणारं हार्मोन तयार होतं. हे किरण म्हणजे यूव्हीबी. हवेतला ओझोन ते बरेचसे खातो. सूर्य तिरपा असेल तर किरणांना जास्त हवा पार करावी लागते, आणि सकाळ-संध्याकाळ ते जमिनीपर्यंत फार थोडे पोचतात. म्हणून आपण ज्याचं एवढं कौतुक करतो ते 'कोवळं ऊन' अंगाला छान वाटतं, पण ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र कोवळंच. काचेतून तर यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. यूव्हीए येतं. म्हणजे ड्रॉइंग हॉलच्या खिडकीशी बसून तुम्ही काळवंडाल, पण ड मिळणार नाही. दोन्हीकडून तोटा.

मग योग्य वेळ कशी ओळखायची? एक सोपी युक्ती आहे: उन्हात उभं राहा, तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा छोटी असेल तर यूव्हीबी पुरेसं आहे असं साधारण समजा. टॅन ४५ बरोबर १, म्हणजे सूर्य ४५ अंशांच्या वर. मी हे पुण्यासाठी काढून बघितलं. अक्षांश साडेअठरा. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्याची उंची ९० वजा १८.५ वजा २३.५, म्हणजे ४८ अंश. त्या दिवशी सावली उंचीपेक्षा छोटी असते ती फक्त साधारण साडेअकरा ते दीड. मे महिन्याच्या मध्यात तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ही वेळ साधारण साडेनऊ ते साडेतीन एवढी मोठी होते, पण तेव्हा बाहेर पडायची कोणाची छाती आहे! लंडनला डिसेंबरात सूर्य दुपारीही १५ अंशांवरच असतो, म्हणजे तिकडे हिवाळ्यात उन्हातून ड मिळणं जवळपास बंदच. आपल्याकडे बारा महिने दुकान उघडं असतं. फक्त ते उघडं असताना आपण आत असतो.

आणखी एक गोष्ट. आपल्या कातडीतलं मेलॅनिन हे नैसर्गिक सनस्क्रीन आहे. त्यामुळे इंग्रजी पुस्तकातली 'दहा मिनिटं पुरे' ही गोऱ्या लोकांची मिनिटं आहेत. आपल्याला हात-पाय उघडे ठेवून निदान अर्धा तास, आठवड्यातून बऱ्याच वेळा, असं धरावं लागतं. शहरातल्या धुरकट हवेत त्याहून जास्तच.

खाण्यातून मिळेल ह्या भ्रमात राहू नका. गरज आहे दिवसाला ६०० युनिट, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम. भारतात आयसीएमआरने २०२० मध्ये हाच आकडा दिलाय. अंड्याच्या एका बलकात चाळीसच्या आसपास युनिट असतात. बांगडा, तारली असे तेलकट मासे चांगले, पण आमच्या मेसमध्ये मासा म्हणजे फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये. साध्या दुधात ड नगण्य असतं. काही पिशव्यांवर निळं '+एफ' चिन्ह असतं, त्या दुधात ते वरून घातलेलं असतं, लिटरला २०० ते ३०० युनिट. आमचे मेसचे काका विचारल्यावर म्हणाले, "मॅडम, पिशवीचा रंग बघून घेतो आम्ही, चिन्ह कोण बघतो?" आता बघतात.

हा फक्त माझा एकटीचा प्रॉब्लेम नाही हे सांगायला दोन आकडे. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या २४ टक्के मुलामुलींमध्ये १२ नॅनोग्रॅमच्या खालची कमतरता सापडली. १ ते ४ वर्षांच्या मुलांत ती १४ टक्के होती. म्हणजे मूल अंगणातून जसजसं वर्गात जातं तशी ती वाढते (हा निष्कर्ष माझा, सर्वेक्षणाचा नाही). आणि २००० साली दिल्लीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांची पातळी बरी निघाली आणि डॉक्टर-नर्सेसची अगदीच खाली. ज्यांना सगळं माहीत आहे त्यांची!

इथपर्यंतचा लेख मी सहज लिहिला. पुढचा भाग लिहायला जड जातोय.

मॅडमनी मला ६०,००० युनिटच्या पुड्या दिल्या होत्या, आठवड्यातून एक, आठ आठवडे, दुधातून. महिन्याभरात जिना सोपा झाला. मी होस्टेलवर सगळ्यांना सांगत सुटले. रूममेटलाही तेव्हा थकवा यायचा, कंबर दुखायची. तिला म्हटलं, "ती पावडर घे ना, मला काय फरक पडला बघ." पुडीचं नाव लिहून दिलं. 'आठवड्यातून एक' हे सांगायचं राहिलं. मला ते इतकं माहीत होतं की सांगावं असं वाटलंच नाही. तिने मेडिकलमधून बिनाचिठ्ठीच्या आणल्या आणि इतर टॉनिकसारखी रोज रात्री एक घेतली. जवळजवळ दोन महिने.

आधी तिची भूक गेली. मग बद्धकोष्ठ, मळमळ, आणि सारखी तहान. रात्रीतून चार-पाच वेळा उठायची. आम्हाला वाटलं परीक्षेचं टेन्शन. ओरलच्या आदल्या दिवशी ती इतकी गोंधळल्यासारखी बोलायला लागली की रेक्टर मॅडमनी रिक्षा बोलावली. हॉस्पिटलमध्ये कॅल्शियम १३ च्या वर निघालं आणि ड जीवनसत्त्व १५० च्या वर. चार दिवस सलाईनवर. डॉक्टरांनी विचारलं, "ह्या पुड्या रोज घ्यायला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "कोणी नाही." मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते.

हिशोब करा. ६०० ही रोजची गरज, म्हणजे एक पुडी शंभर दिवसांची. मोठ्यांना रोज घेण्याची सुरक्षित वरची मर्यादा ४००० युनिट धरतात. ती पंधरापट घेत होती. ब किंवा क जास्त झालं तर बरंचसं लघवीतून जातं. ड चरबीत साठतं आणि महिनोन्‌महिने सुटत राहतं. रक्तात कॅल्शियम वाढलं की ते मूत्रपिंडात बसतं, खडे होतात, मूत्रपिंड कायमचं बिघडूही शकतं.

उन्हाने असं कधीच होत नाही. कातडीत एक लिमिट स्विच आहे. ऊन जास्त झालं की तोच अर्धवट बनलेला रेणू पुढे ल्युमिस्टेरॉल, टॅकिस्टेरॉल अशा निरुपयोगी पदार्थांत बदलतो आणि उत्पादन आपोआप थांबतं. दिवसभर शेतात असलेल्या माणसालाही ओव्हरडोस होत नाही (कातडी भाजते ती वेगळी). पुडी हा स्विच बायपास करते. ज्याने मशीन शॉपमध्ये लिमिट स्विच बायपास केलेला पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको.

आता ह्या पुड्यांचं वेडही बरंच पसरलंय. मधुमेह, हृदयविकार, कॅन्सर, नैराश्य, सगळ्यावर हाच उपाय असं लोक बोलतात. अशा रोग्यांत ड कमी सापडतं हे खरं. पण आजारी माणूस घरातच बसतो, मग त्याचं ड कमी असणारच. आधी काय झालं हे कसं ठरवायचं? त्यासाठी अमेरिकेत व्हायटल नावाची मोठी चाचणी झाली. २५,८७१ माणसं, अर्ध्यांना रोज २००० युनिट, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी, पाच वर्षांहून थोडी जास्त. २०१८ मध्ये निकाल आला: कॅन्सर होण्याचं किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण कमी झालं नाही. २०२२ मध्ये कळलं की हाडं मोडण्याचंही नाही. कारण त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरताच नव्हती. भरलेल्या टाकीत पाणी ओतून काय होणार? माझी टाकी कोरडी होती म्हणून मला फरक पडला. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनेही सांगितलं की निरोगी माणसांनी उगाच ही टेस्ट करत बसू नये, आणि पन्नाशीच्या आतल्यांनी रोजच्या गरजेपेक्षा जास्तीचे डोस घेऊ नयेत. पण हाडं दाबल्यावर दुखत असतील, बसून उठताना हात टेकावा लागत असेल, तर ते 'अशक्तपणा' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि पुडी लिहून दिली तर कागदावर किती दिवसांनी ते मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

रूममेट आता बरी आहे. कॅल्शियम दोन आठवड्यांत उतरलं, पण ड जीवनसत्त्वाला नॉर्मलला यायला आठ महिने लागले, तोपर्यंत दर महिन्याला रक्त तपासायचं आणि दिवसाला तीन लिटर पाणी. ती त्या सेमला एका विषयात राहिली. माझ्यावर चिडली का, असं मी एकदा विचारलं. "तू माझी जर्नल्स लिही, मग बघू," म्हणाली. दोन लिहिली.

रेक्टर मॅडमना आम्ही दोघींनी अर्ज दिला होता. पूर्वी कपडे वाळत घालायची वेळ संपली की गच्चीला कुलूप लागायचं. आता रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बारा ते एक गच्ची उघडी असते. किल्ली खाली वॉचमन मावशींकडे, वहीत सही करून घ्यायची. टाकीच्या पूर्वेला चटई टाकायला जागा आहे, तिथे सावली येत नाही. मुलांच्या होस्टेलची गच्ची अजून बंदच आहे, अर्ज त्यांनी त्यांचा द्यावा.